काळ्या मातीत रेडियम शून्याखाली का येतंय?

प्रश्न (रेगूर): दख्खनच्या बेसॉल्टवरची काळी माती, गामा किरण मोजणारा ३×३ इंची सोडियम आयोडाइड डिटेक्टर, भोवती ५ सेंमी शिसं. माती १०५ अंशांवर २४ तास वाळवून २ मिमी चाळणीतून काढली, ३०० ग्रॅम डबीत भरून ५,००० सेकंद मोजली. रिकाम्या डबीचं बॅकग्राउंड (मातीशिवायही येणारी मोजणी) वजा केलं की १७६४ केईव्हीच्या खिडकीत (त्या ऊर्जेभोवतीचा पट्टा, रेडियम-२२६ साठी) कधी कधी उणे आकडा येतो. पोटॅशियम, थोरियम ठीक वाटतात.

गामा_घाट: वेळ फार कमी पडतोय. बेसॉल्टच्या मातीत युरेनियम, म्हणजे त्यातून बनणारं रेडियमही, मुळातच कमी. किलोला १० बेकेरेल (सेकंदाला १० क्षय) धरा: डबीत ३ बेकेरेल, त्यातल्या १५.३ टक्के क्षयांतून १७६४ चा किरण, डिटेक्टरची कार्यक्षमता १ टक्का. ५,००० सेकंदांत जेमतेम २३ काउंट! बॅकग्राउंड ५०० असेल तर वजाबाकीत ±३२ येणारच. नमुना आणि बॅकग्राउंड दोन्ही ६०,००० सेकंद घ्या. तरी ±४० टक्के राहतील. पुढे शिसं १० सेंमी करा, नाहीतर माती वाढवा.

शिसपेटी: खोलीतला रेडॉनही बघा. १७६४ ची रेषा बिस्मथ-२१४ ची; रेडियमपासून रेडॉन वायू आणि त्यापासून बिस्मथ बनतं, म्हणजे ती हवेतल्या रेडॉनचीही. खोली बंद असली की बॅकग्राउंड चढतं. प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर बॅकग्राउंड घ्या, पंखा चालू ठेवा. डबी काठोकाठ भरा, वर पोकळी राहिली तर रेडॉन तिथे जमतो. झाकण ॲल्युमिनियम टेपने बंद करून रेडॉन रेडियमशी समतोलात येईपर्यंत २८ दिवस थांबा (रेडॉनचं अर्धायु ३.८२ दिवस), नाहीतर रेडियम कमी दिसेल. काळी माती ओलावा पटकन ओढते, म्हणून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) गार करून लगेच वजन करा.

गामा_घाट: हो, आणि थोरियम ‘ठीक’ म्हणताय ते तपासा. थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ च्या २६१४ केईव्ही किरणांचं कॉम्प्टन (डिटेक्टरमध्ये अर्धवट ऊर्जा सोडल्याने येणारे काउंट) १७६४ च्या खिडकीत पडतं. ते वजा करण्याचा, म्हणजे स्ट्रिपिंगचा, गुणांक जास्त लावला की युरेनियम उणे जातं. तो आरजीटीएच-१ (थोरियमचा प्रमाणित नमुना) वर, त्याच डबीत, तेवढ्याच उंचीला भरून काढा. शिवाय २६१४ ची तीव्रता ९९.७ टक्के घेतली असेल तर चूक: थॅलियमकडे फक्त ३५.९ टक्के क्षय जातात, म्हणून थोरियम जवळपास तिप्पट कमी दिसेल.

शिसपेटी: उणे आकडे खोडू नका, शून्यही करू नका. सरासरी काढताना ते लागतात. तक्त्यात अनिश्चितता आणि शोधमर्यादा (खात्रीने ओळखता येणारी किमान मोजणी: ४.६५√बॅकग्राउंड + २.७१ काउंट) दोन्ही द्या.