सोसायटीत शुगर तपासणी ठेवतोय. धोका कोणाला जास्त, हे आधी कसं ओळखायचं?

विश्रामबागकर
सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीत चाळिशी ते पंचाहत्तरीची मंडळी भरपूर. बरेच जण बँक, शाळा, कचेरीतून निवृत्त झालेले, काही दुकानात गल्ल्यावर बसणारे, थोडे कुपवाड एमआयडीसीत पाळीवर जाणारे. सगळ्यांची लॅबची तपासणी करण्याइतकी वर्गणी जमलेली नाही. म्हणून आधी फॉर्म भरून घ्यायचा आणि ज्यांना धोका जास्त त्यांनाच रक्त द्यायला पाठवायचं, असं ठरतंय. फॉर्ममध्ये वजन, उंची, घरात कोणाला मधुमेह आणि 'गोड किती खाता' एवढंच घातलंय. काय राहिलं? आणि जागेवरच ग्लुकोमीटरने रँडम शुगर बघून गाळणी लावली तर चालेल का?

कृष्णाकाठ
'गोड किती खाता' आधी काढा. त्याचं खरं उत्तर कोणी देत नाही, आणि दिलं तरी धोका त्यावरून ठरत नाही.

चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनचा इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर वापरा. २००५ साली आला, फुकट आहे, रक्त लागत नाही. चारच गोष्टी विचारायच्या. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० आणि पुढे ३०. कंबर बाईची ८० ते ८९ सेंमी किंवा पुरुषाची ९० ते ९९ असेल तर १०, त्याहून जास्त असेल तर २०. नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर ०, एकच असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली की धोका मोठा.

आता गंमत बघा. पन्नाशी उलटलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस वयाचे ३० आणि बैठकीचे ३० घेऊन तिथेच साठावर पोचतो. घरात कोणाला नाही, अंगाने काटकुळा, तरीसुद्धा! 'मी बारीक आहे, मला काय होतंय' म्हणणारे नेमके हेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम यावरच आहे: आपल्याकडे हातपाय बारीक, स्नायू कमी, पण चरबी जास्त आणि तीही पोटात, असे लोक फार. म्हणून वजन-उंची ठेवायचीच असेल तर बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन) रेघ २५ ऐवजी २३ वर ओढा. भर कंबरेवर द्या.

कंबर म्हणून पँटचा नंबर लिहून घेऊ नका. ३४ नंबरची पँट पोटाखाली बांधलेली असते आणि वरचा घेर ३९ इंच निघतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडल्यावर, टेप जमिनीला समांतर.

राखाडी_बल्ब
रँडमवर गाळणी लावू नका. एक जण उपाशीपोटी आलाय, दुसरा पोहे खाऊन तासाभरात आलाय. त्यांचे आकडे शेजारी ठेवून काय कळणार?

ग्लुकोमीटरमध्ये चांगल्या मशीनलाही १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य आहे. म्हणजे खरी १२० असलेली १०२ दिसेल किंवा १३८. त्यात आपल्याकडे द्राक्षांचा सीझन: बेदाणा किंवा द्राक्षं हाताळून आलेल्याचं बोट न धुता टोचलं तर शुगर भलतीच वर जाते. सॅनिटायझर चालत नाही, साबणाने धुऊन कोरडं करा. स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेत स्ट्रिप बिघडतात.

निदान लॅबच्याच रक्तावर. उपाशीपोटी ८ तास झाल्यावर १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ पासून मधुमेह. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. दोन तपासण्या जुळल्या पाहिजेत. शुगरसाठी राखाडी टोपणाचा फ्लोराइड बल्बच (रक्त घ्यायची नळी) हवा. साध्या बल्बमध्ये रक्त पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खातात आणि तासाला ५ ते ७ टक्के आकडा उतरतो. सोसायटीत रक्त घेऊन दुपारी लॅबला पोचवणाऱ्यांकडून हे नक्की विचारून घ्या.

अ‍ॅनिमिया असेल तर एचबीए१सीवर विसंबू नका. लोह कमी असलेल्या बाईची खोटी जास्त येऊ शकते. साठीपुढच्यांत उपाशीपोटीची नॉर्मल आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांची १४० च्या वर, असंही बऱ्याचदा निघतं. स्कोअर जास्त असेल तर तेवढ्यांची ही तपासणी करा.

डबा_आणि_भाकरी
फॉर्ममध्ये आणखी चार चौकोन घाला: गरोदरपणी शुगर वाढली होती का (बायका हे विसरतात, पंचवीस वर्षं झाली तरी धरायचं), दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू आहे का, रात्रपाळी, आणि तंबाखू-विडी. जोरात घोरणं असेल तर तेही.

खाण्याचं विचारायचंच असेल तर मोजता येईल असं विचारा. दिवसाला किती कप चहा, कपात किती चमचे साखर? चार कप, दोन-दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम नुसती चहातून. गुळाचा चहा त्यातून सुटत नाही. संध्याकाळचा भडंग 'हलका' म्हणून ताटभर जातो. चुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, शुगर झपाट्याने चढवतो.

विश्रामबागकर
फॉर्म बदलतो. बायकांची कंबर साडीवरूनच घ्यावी लागेल का?

कृष्णाकाठ
उलट साडीत सोपं आहे. पदर बाजूला घेतला की मोजायची जागा उघडीच असते, परकराची नाडी तिच्या खाली. अडचण ड्रेस आणि गाऊनची. आडोसा करा, मोजायला बाई ठेवा. शिंप्याची जुनी टेप ताणलेली असते, आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या.