ड्राइव्ह नसलेला कन्सोल घेऊ नका

तिकटीकर:
दिवाळी जवळ आली की पोरं एकच प्रश्न घेऊन येतात. पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल) घ्यायचाय, डिस्कवाला घेऊ का डिजिटल, म्हणजे ड्राइव्ह नसलेला, नुसते डाउनलोड केलेले गेम चालवणारा? माझं उत्तर ठरलेलं आहे. कोल्हापुरात राहत असाल तर ड्राइव्ह नसलेला कन्सोल घेऊ नका.

स्लिम मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये भारतात आलं तेव्हा डिस्कवाला ५४,९९० ला होता आणि डिजिटल ४४,९९० ला. दहा हजार वाचतात म्हणून घरातली मोठी माणसं डिजिटलवर बोट ठेवतात. पण खर्च कन्सोलवर थांबत नाही. नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते आणि त्यात थोडी भर घालून पुढची घेता येते. आमच्या पेठेत एकानं गॉड ऑफ वॉर घेतला की दुसरा मुद्दाम स्पायडरमॅन घेतो, म्हणजे दोघांचे दोन्ही खेळून होतात. डिजिटल गेम असा फिरत नाही. तो ज्या खात्यावर घेतला तिथंच बसतो. विकता येत नाही, धाकट्या चुलतभावाला नेऊन देता येत नाही.

आणि दुकान तरी किती? ड्राइव्ह नसलेल्या कन्सोलवर गेम विकणारं दुकान एकच, कंपनीचं. राजारामपुरीत भाव पटला नाही तर शाहूपुरीत विचारता येतं, तिथं ती सोय संपली. पीएस५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर देशात आला, ६९९ डॉलरला, आणि त्यात ड्राइव्हच नाही. तो वेगळा विकत घ्यायचा. कंपन्या कुठं चालल्यात ते यावरनं दिसतंय. आपण आत्ता डिस्क घेणं थांबवलं तर पुढच्या कन्सोलला ड्राइव्हचा पर्यायही उरणार नाही.

शाहूपुरी_पीसी:
भावा, तुझा हिशेब फक्त मोठ्या गेमांचा आहे. मी पीसीवर खेळतो. माझ्या कॅबिनेटला डिस्क ड्राइव्ह कधी नव्हताच आणि अडलंही काही नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये जुने गेम दोन-तीनशे रुपयांत मिळतात. ते सेकंड हँड डिस्कपेक्षा स्वस्त पडतात आणि ओरखड्याची भीती नाही.

दुसरं म्हणजे, लहान टीमनं केलेले गेम इथल्या दुकानात कधी येणार होते? होलो नाइट सिल्कसाँग ४ सप्टेंबर २०२५ ला आला, किंमत २० डॉलरच्या आत. करणारी टीम ऑस्ट्रेलियातली, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसं. त्या दिवशी गर्दीनं दुकानांचे सर्व्हर बसले. शिवाजी पेठेतल्या पोरानं तो गेम न्यूयॉर्कच्या पोराबरोबर त्याच दिवशी सुरू केला. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेम २०२० साली जगभर पोचला तोही डिजिटल दुकानांमुळंच. डिस्कवरच अडून बसलो असतो तर असे गेम आपल्याला नुसते ऐकूनच माहीत असते.

पंचगंगाकाठ:
मला यात वेगळंच बोलायचंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यात पाणी आलं. गॅस, गादी, कागदपत्रं वर नेण्यात सगळ्यांचे हात गुंतले, गेमच्या पेटीची कुणाला आठवण होणार? पाणी ओसरल्यावर पेटी सापडली. कव्हरं कुजलेली, डिस्कवर चिखलाचा थर. धुऊन बघितल्या, काही चालल्या, बऱ्याच गेल्या. त्यात शाळेत असताना खाऊच्या पैशातनं घेतलेल्या होत्या. त्या मला परत कुणी देणार नाही.

डिजिटल जे होतं ते सगळं खात्यात जसंच्या तसं. नवा कन्सोल घेतला, लॉगिन केलं, यादी समोर. दोन वर्षांनी २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा निदान या गोष्टीची धास्ती नव्हती. नदीजवळ राहणाऱ्यांना 'डिस्कच घ्या' असं सरसकट सांगू नका दादा.

तिकटीकर:
@पंचगंगाकाठ, पुराचा मुद्दा मला मान्य आहे. ज्या घरात पाणी येतं त्यानं आपलं बघूनच ठरवावं. पण तुझी यादी खात्यात सुरक्षित राहिली ती कंपनीनं ते दुकान चालू ठेवलं म्हणून. निंटेंडोनं थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलचं दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. घेतलेले गेम परत डाउनलोड करायची सोय दोघांनी ठेवली, पण ज्यानं घेतले नव्हते त्याला ते तिथनं पुन्हा मिळणार नाहीत. सोनीनंही २०२१ मध्ये पीएस३ आणि व्हिटा या जुन्या कन्सोलची दुकानं बंद करतो म्हणून जाहीर केलं होतं. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठं माघार घेतली.

@शाहूपुरी_पीसी, पीसीची गोष्ट निराळी. तिथं स्टीम नको वाटलं तर गॉग आहे, एपिक आहे. गॉगवरनं घेतलेल्या गेमची इन्स्टॉलर फाइल हार्ड डिस्कवर ठेवता येते, पुढं इंटरनेट नसलं तरी चालते. कन्सोलवर हे दे, मी डिस्कचा हट्ट सोडतो.

उद्यमनगर_वर्कशॉप:
तिकटीकर, डिस्कवर जेवढा भरवसा टाकताय तेवढा टाकू नका. मी कन्सोल दुरुस्त करतो, रोज उघडतो.

द क्रू आठवतोय? युबिसॉफ्टचा गाड्यांचा गेम, २०१४ चा. दुकानात डिस्क मिळत होती, पूर्ण पैसे मोजून. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी सर्व्हर लागायचा. २०२४ च्या मार्चअखेर सर्व्हर बंद केले आणि डिस्क हातात असून उपयोग शून्य. मग सोनीचा ऑनलाइन गेम कॉन्कॉर्ड. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद. पैसे परत दिले हे खरं, पण गेम गेला. त्याचीही डिस्क निघाली होती.

आता निंटेंडोच्या स्विच २ कन्सोलचं बघा, जून २०२५ चा. त्यात 'गेम की कार्ड' म्हणून प्रकार आहे. कार्ड दिसतं नेहमीसारखं, पण आत गेम नसतो. कार्ड घालायचं आणि सगळा गेम डाउनलोड करायचा. दुसऱ्याला विकता येतं एवढंच, निंटेंडोचा सर्व्हर गेला की नव्यानं उतरवता येणार नाही. सायबरपंक २०७७ सारख्यांनी ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण गेम दिला, म्हणजे जमतं, पण महाग पडतं म्हणून बरेच जण देत नाहीत. आणि हाच सायबरपंक डिसेंबर २०२० मध्ये पीएस४ वर काय अवस्थेत आला होता? डिस्कवर छापलेला गेम इतका मोडका की सोनीनं आपल्या दुकानातनं काही महिने काढून टाकला. चांगला झाला तो नंतरच्या पॅचमुळं, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमुळं, आणि पॅच येतो सर्व्हरवरनं. तुमच्या पेटीतली जुनी डिस्क आहे ती मोडक्या गेमची.

अजून एक, जे फार कमी लोकांना माहीत आहे. पीएस४ च्या बोर्डवर घड्याळासाठी एक बटणसेल असतो. तो संपला की कन्सोलला वेळ कळत नाही, आणि वेळ जुळवायला सोनीच्या नेटवर्कला जोडावं लागायचं. नेटवर्क नसेल तर डिस्कवरचा गेमही सुरू होत नव्हता. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये सोनीनं ते दुरुस्त केलं, तेही लोकांनी शोधून काढल्यावर. माझ्याकडं जुना पीएस४ आला की सेल बदलतो आणि अपडेट बघतो, सांगितलं नसलं तरी.

डिस्क असणं आणि गेम आपल्या ताब्यात असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडायचं असेल तर दुसरीसाठी, गेम ताब्यात असण्यासाठी भांडा.

मंगळवारपेठ_जुना:
वर्कशॉपवाले बोलले ते बरोबर, पण त्यातनं निघणारा अर्थ मला उलटा वाटतो.

आपल्या गावानं हे एकदा भोगलंय. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली इथं मूक 'सावकारी पाश' काढला. शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय, त्या काळात. आज तो बघायचा तर प्रत नाही. १९३६ चा बोलपट वेगळा, तो मूळ सिनेमा नव्हे. त्या वेळी रिळं मोजक्या लोकांच्या हातात होती. ती गेली आणि सिनेमा गेला. हजार घरांत प्रत असती तर एखादी तरी उरली असती असं मला मनापासून वाटतं.

गेमचंही तेच चाललंय. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० च्या आधी तिथं निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के तेव्हा सरळ मार्गानं विकत मिळत नव्हते. जे लोकांनी जपलंय ते कॅसेटींमुळं आणि डिस्कमुळं जपलंय. कोन्ट्रा आपण सामुराई या जुन्या टीव्ही गेमवर कॅसेट फुंकून खेळलो, ती कॅसेट आजही एखाद्या माळ्यावर निघते आणि चालते. मोडक्या गेमची का असेना, हजारो घरांत पडलेली डिस्क मला कंपनीच्या एका सर्व्हरपेक्षा भरवशाची वाटते.

कागलची_पोरगी:
मी गेम डेव्हलपमेंट शिकतेय, म्हणून करणाऱ्याची बाजू मांडते. सेकंड हँड डिस्क चार हातांतनं फिरली तर गेम करणाऱ्याला पैसे मिळतात एकदाच. उरलेले तीन व्यवहार दुकानदाराचे आणि तुमचे. मोठ्या कंपन्यांना फरक पडत नसेल, पण लहान टीमला प्रत्येक विक्री लागते. डिस्क छापायची तर आधी हजारो छापाव्या लागतात, वितरक शोधावा लागतो, न खपलेला माल अंगावर येतो. उद्या मी कोल्हापुरात बसून गेम केला तर मला डिजिटलशिवाय दुसरा रस्ता नाही. 'डिजिटल घेऊ नका' हे वाक्य माझ्यासारख्यांना फार लागतं.

तिकटीकर:
ताई, तुमचा गेम डिजिटल आला तरी मी पहिल्या दिवशी घेईन. ड्राइव्ह असलेल्या कन्सोलवर डिजिटल गेमही चालतोच की! माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्ही दारं उघडी असलेलं यंत्र घ्या. आणि चार हातांतनं फिरण्याबद्दल म्हणाल तर ज्या पोरानं वापरलेली डिस्क हजार रुपयांत घेतली, त्याच्याकडं पाच हजार नव्हतेच. त्यानं नवी घेतली नसती, खेळलाच नसता. त्याच सवयीतनं तो पुढं कमावता झाला की नवे गेम घेतो. माझ्या ओळखीतले जे आज पहिल्या दिवशी गेम घेतात, ते बहुतेक जण सेकंड हँडवर वाढलेत.

कागलची_पोरगी:
कमावता झाल्यावर घेईल, तोपर्यंत टीम टिकली पाहिजे. हे मला पटलेलं नाही. गरिबाच्या पोराला गेम परवडावा असं वाटत असेल तर भारतासाठी वेगळी किंमत मागा. स्टीमवर बरेच लहान गेम तशी ठेवतात. कन्सोलवर ७० डॉलरचा गेम इथंही जवळपास त्याच भावात विकतात, भांडण तिथं आहे.

शाहूपुरी_पीसी:
ह्यावर मात्र सगळ्यांचं एकमत व्हायला हरकत नाही.

उद्यमनगर_वर्कशॉप:
आणि भांडण कायद्यावरही आहे. कॅलिफोर्नियानं सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू. डिजिटल माल विकताना 'बाय' लिहायचं असेल तर तुम्हाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगायचं. स्टीमनं त्याआधीच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. युरोपात द क्रू बंद झाल्यावर रॉस स्कॉटनं 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी केली, जुलै २०२५ पर्यंत १० लाखांवर सह्या झाल्या. मागणी सरळ आहे. सर्व्हर बंद करा, पण जाताना गेम चालेल अशा अवस्थेत सोडून जा. युबिसॉफ्टनं नंतर द क्रू २ ला ऑफलाइन मोड दिलाच की. आपल्याकडं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, गेमचं बिल घेऊन कुणी त्याखाली उभा राहायला पाहिजे.

तिकटीकर:
तशा तक्रारीवर सहीला मी तयार आहे, आणि शाहूपुरी-राजारामपुरीतले दुकानदारही येतील, त्यांचा धंदा ह्यावरच आहे. पण कायदा होईस्तोवर कन्सोल कुठला घ्यायचा, हे माझं उत्तर बदलत नाही.

पंचगंगाकाठ:
दादा, माझ्याकडं डिजिटल स्लिम आहे. नंतर ड्राइव्ह जोडला तर चालतो ना?

तिकटीकर:
चालतो. स्लिमचा ड्राइव्ह बाजूचं झाकण काढून बसवायचा असतो, दोन मिनिटांचं काम. फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, कन्सोल आणि ड्राइव्हची नोंद सोनीच्या सर्व्हरवर होते. म्हणून घेतला की लगेच जोडून टाक, खोक्यात ठेवू नको. आणि पेटी वरच्या मजल्यावर.

उद्यमनगर_वर्कशॉप:
जोडताना अडलं तर घेऊन ये. त्याचे पैसे घेत नाही.