उ: परदेशातल्या मुलांना लगेच कळवावं का?

"उगाच काळजी नको, बरं वाटल्यावर सांगू" असं वर कुणी लिहिलंय. आम्ही ते करून बसलोय. आई पंचवटीतल्या घरी पाय घसरून पडली, कॅलिफोर्नियातल्या ताईला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी 'काकू, लवकर बऱ्या व्हा' टाकलं. ताई आठवडाभर बोलली नाही.

आता आधी फोन, मग ग्रुप. रात्री ९ला लावतो. तिकडे उन्हाळ्यात सकाळचे ८.३०, हिवाळ्यात ७.३०. (आई अजून ओरडूनच बोलते. अमेरिका लांब ना!)

पूर्वी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली तिकिटं लावून पत्र टाकायचं आणि उत्तराची आठवडेच्या आठवडे वाट बघायची. तेव्हा लपवणं तरी जमायचं.