‘राज्यांचे हक्क’ की ‘राज्यांचे अधिकार’? आणि अमेरिकेला ‘केंद्र सरकार’ असते का?

प्रश्न

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या कारणांवरील एका दीर्घ लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. त्यात ‘स्टेट्स राइट्स’ हा शब्दप्रयोग जवळजवळ प्रत्येक पानावर येतो. पहिल्या खर्ड्यात मी त्यासाठी कुठे ‘राज्यांचे अधिकार’, कुठे ‘राज्यांचे हक्क’, तर एके ठिकाणी ‘राज्यांची स्वायत्तता’ असे लिहून गेलो, आणि संपादकांनी समासात ‘एकच शब्द ठरवा’ असा शेरा मारून खर्डा परत पाठवला. ‘फेडरल गव्हर्नमेंट’साठी मी सरसकट ‘केंद्र सरकार’ लिहिले होते. त्याखालीही त्यांनी लाल रेघ ओढली आहे, मात्र पर्याय सुचवलेला नाही. कोशात पाहावे तर ‘राइट’ समोर हक्क आणि अधिकार हे दोन्ही शब्द स्वल्पविराम देऊन शेजारी बसवलेले असतात, जणू त्यांत काही फरकच नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

फरक आहे, पण तो आपणच पुसत आणला आहे. कोणत्याही तहसील कार्यालयाच्या भिंतीवर पाहा. एका फलकावर ‘माहितीचा अधिकार अधिनियम, २००५’ असे लिहिलेले असते आणि त्याखाली ‘जन माहिती अधिकारी’ म्हणून एका कर्मचाऱ्याचे नाव व पदनाम असते. शेजारच्या फलकावर ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५’ असते. ज्याच्याकडे अधिकार तो अधिकारी, हा शब्दाचा सरळ हिशेब पहिल्या फलकाला लावला, तर अर्ज घेऊन रांगेत उभा असलेला माणूसच माहिती अधिकारी ठरायला हवा. दुसऱ्या फलकाने मराठीची बूज राखली आहे, असे माझे मत.

‘हक्क’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द. जे आपले आहे म्हणून मागता येते आणि नाकारले गेल्यास ज्यासाठी भांडता येते, ते हक्काचे. वतनदाराचा हक्क होता, लेकीचा माहेरच्या मिळकतीत हक्क असतो, आणि तो सोडायचा तर हक्कसोडपत्र करावे लागते. ‘अधिकार’ हा मुळात पदाला चिकटलेला असतो. पद गेले की तोही जातो. हक्क बजावला जातो. अधिकार वापरला जातो, सोपवला जातो, प्रसंगी त्याचा गैरवापरही होतो. अधिकार वरिष्ठ कनिष्ठाकडे सोपवू शकतो. हक्क कोणी कोणाकडे ‘सोपवत’ नाही. ही क्रियापदांची जोडणी लक्षात ठेवली की आपला प्रश्न बराचसा सुटतो.

कारण अमेरिकी संविधानाच्या ज्या दुरुस्तीवर हा सारा वाद उभा आहे, ती १७९१ची दहावी दुरुस्ती, तिच्यात ‘राइट्स’ हा शब्द नाहीच. तिथे ‘पॉवर्स’ आहे. संविधानाने संयुक्त संस्थानांकडे, म्हणजे वॉशिंग्टनच्या संघ सरकारकडे, न सोपवलेले आणि राज्यांना न नाकारलेले अधिकार त्या त्या राज्याकडे अथवा लोकांकडे राखून ठेवले आहेत, असा तिचा आशय आहे. तिच्या लगेच आधीच्या नवव्या दुरुस्तीत मात्र ‘राइट्स’ आहे, आणि ते लोकांचे आहेत. म्हणजे लागोपाठच्या दोन वाक्यांत मसुदा करणाऱ्यांनी लोकांना हक्क आणि राज्यांना अधिकार अशी वाटणी केली. मराठीत दोन्हीकडे ‘अधिकार’ लिहिले तर ही वाटणी वाचकाला दिसणारच नाही.

त्याआधीचा दस्तऐवज याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. १७८१ मध्ये अमलात आलेल्या राज्यमंडळाच्या करारनाम्यात प्रत्येक राज्य आपले सार्वभौमत्व, स्वातंत्र्य, आणि ‘स्पष्टपणे’ न सोपवलेली प्रत्येक सत्ता, अधिकारिता व हक्क स्वतःकडे ठेवते, असे म्हटले होते. तिथे राज्यांना ‘राइट’ होता. दहाव्या दुरुस्तीतून तो शब्द गेला आणि ‘स्पष्टपणे’ हे क्रियाविशेषणही गेले. १८१९ मध्ये राष्ट्रीय बँकेवर मेरीलँड राज्याने बसवलेल्या कराचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी नेमक्या याच गाळलेल्या क्रियाविशेषणाकडे बोट दाखवले आणि संघाला ध्वनित, म्हणजे शब्दांत न लिहिलेले पण अर्थातून निघणारे, अधिकारही असतात, असा निर्णय दिला. शब्दचर्चेला एवढा मोठा दरबार क्वचितच मिळाला असेल.

तेव्हा माझे उत्तर असे की, अधिकारांच्या वाटपाविषयी जिथे लेखक बोलत असेल तिथे ‘राज्यांचे अधिकार’ लिहावे, आणि ‘स्टेट्स राइट्स’ ही घोषणा म्हणून येत असेल तिथे ‘राज्यांचे हक्क’ लिहावे. ती घोषणाच मुळी अधिकाराला हक्काचा दर्जा मागणारी आहे. संपादकांचा ‘एकच शब्द’ हा आग्रह सहसा योग्य असतो. येथे तो मूळ वादच गिळून टाकील.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले, पण एक सावधगिरी सुचवतो. मराठीत ‘हक्क’ या शब्दाला आपोआप सहानुभूती मिळते. कोणाच्या तरी हक्काची गोष्ट निघाली की त्याच्यावर अन्याय झाला असणार, असे आपण गृहीत धरतो. म्हणून यादवी युद्धाच्या संदर्भात ‘दक्षिणेकडील राज्ये आपल्या हक्कांसाठी लढली’ असे अवतरणचिन्हांशिवाय लिहिले, तर अनुवादक नकळत एका पक्षाची वकिली करील.

इतिहास पाहता ही घोषणा ज्या बाजूला सोयीची वाटली तिने वापरली. पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत पाठवण्याचा १८५०चा कायदा हा संघाचा कायदा होता आणि तो दक्षिणेला हवा होता. त्याला खो घालणारे स्थानिक कायदे उत्तरेकडील राज्यांनी केले. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो संघीय कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला खोडून काढले. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायनाने फुटून निघण्याची कारणे जाहीर केली, त्यांत उत्तरेकडील राज्ये पळालेल्या गुलामांविषयीचे आपले सांविधानिक बंधन पाळत नाहीत, ही तक्रार अग्रभागी आहे. म्हणजे इतर राज्यांनी आपला हक्क फार बजावला, हीच त्यांची कैफियत! आणि पुढे या फुटीर राज्यांनी १८६१ मध्ये स्वतःचे संविधान केले, तेव्हा गुलाम घेऊन येणाऱ्या मालकाला अडवण्याचा अधिकार आपल्याच घटक राज्यांना ठेवला नाही.

‘नलिफिकेशन’साठी आपण काय योजले आहे? मी ‘शून्यीकरण’ टाळीन, तो गणितातला वाटतो. ‘रद्दबातल ठरवणे’ हा कचेरीतला शब्द इथे चपखल बसतो. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने संघाचे जकात कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवले. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी बळाचा वापर करू देणारा कायदा १८३३ मध्ये काँग्रेसकडून, म्हणजे तेथील संसदेकडून, मंजूर करून घेतला, त्याच वेळी तडजोडीने जकातही उतरवण्यात आली. मग त्या राज्याने आपला ठराव मागे घेतला आणि जाता जाता तो बळाचा कायदा तेवढा रद्दबातल ठरवला. गिरे तो भी टांग ऊपर, याला अस्सल मराठी वाक्प्रचार कोणी सुचवील काय?

प्रतिसाद ३

‘पडलो तरी नाक वर’ आहे की!

मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे ‘केंद्र’ या शब्दाविषयी लिहिते. येथील मराठी घरांत ‘केंद्र सरकार’ म्हटले की दिल्लीचे, आणि वॉशिंग्टनच्या सरकारला ‘फेडरल’ म्हणतात, हे ठरून गेलेले आहे. ‘फेडरलचे झाले, स्टेटचे राहिले’ हे वाक्य एप्रिल महिन्यात करविवरणपत्रे भरताना हमखास ऐकू येते. गाडीचा परवाना स्टेट देते, व्हिसा फेडरल देते. गांजाच्या बाबतीत तर हा भेद नवख्या माणसाला चकवतो. न्यू जर्सीने २०२१ मध्ये कायदा करून प्रौढांना तो मोकळा केला आणि २०२२ पासून परवानाधारक दुकानांतून तो विकला जातो. संघाच्या कायद्याने मात्र अशी मोकळीक दिलेली नाही, आणि परदेशी नागरिकाच्या प्रवेशाचे नियम संघाचे असल्यामुळे राज्याच्या दृष्टीने निर्दोष असलेली खरेदी ग्रीन कार्डाच्या वेळी अंगाशी येऊ शकते. दोन सरकारे एकाच रस्त्यावर, एकाच माणसावर, एकाच वेळी चालतात, हे ‘केंद्र’ या शब्दातून कळत नाही. केंद्र म्हटले की एक वर्तुळ डोळ्यांसमोर येते आणि राज्ये त्याच्या परिघावर जाऊन बसतात. ‘फेडरल’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ तह किंवा करार असा आहे, त्यात मध्यही नाही आणि परिघही नाही.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याची पुरवणी

ताईंचे म्हणणे रास्त आहे, आणि ते भारतालाही लागू पडते. आपल्या संविधानाचा पहिला अनुच्छेद भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हणतो. तमिळनाडूत २०२१ मध्ये मु. क. स्टॅलिन यांचे सरकार आल्यावर त्यांनी तमिळमधील ‘मध्य सरकार’ अशा अर्थाचा रूढ शब्द सोडून ‘संघ सरकार’ अशा अर्थाचा शब्द वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यावर मोठे वादंग झाले. शब्द मात्र संविधानातलाच होता.

तरीही ‘संघ’ शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाने चालतो, असे समजू नये. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना ‘फेडरेशन’ऐवजी ‘युनियन’ हा शब्द का घेतला, हे सांगितले आहे. भारतीय संघ हा घटकांनी आपसांत केलेल्या करारातून निर्माण झालेला नाही, म्हणून कोणत्याही घटकाला फुटून निघण्याचा हक्क नाही. आणि हे सिद्ध करण्यासाठी अमेरिकनांना यादवी युद्ध लढावे लागले, तेव्हा वादाला जागा ठेवण्यापेक्षा ते आरंभीच स्पष्ट केलेले बरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेषाधिकारांची गोष्टही उलटी आहे: अमेरिकेत उरलेले अधिकार राज्यांकडे अथवा लोकांकडे, आपल्याकडे अनुच्छेद २४८ नुसार संसदेकडे. आपले दिल्लीचे सरकार ‘केंद्र’ या शब्दाला जागते, वॉशिंग्टनचे तितके नाही.

म्हणून अमेरिकेसाठी ‘संघ सरकार’ किंवा विशेषण हवे तिथे ‘संघीय’ लिहावे. एकच अडचण आहे. मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला मथळ्यात नुसता ‘संघ’ दिसला की त्याला नागपूर आठवते, आणि क्रीडापानावर दिसला की अकरा खेळाडू. म्हणून ‘सरकार’ हे शेपूट सोडू नये. आणखी एक खड्डा ‘फेडरलिस्ट’ या शब्दात आहे. आज आपल्याकडे संघराज्यवादी म्हणजे राज्यांच्या बाजूने बोलणारा. १७८७–८८ मध्ये नवे संविधान मान्य करावे, वरचे सरकार बळकट व्हावे, असे म्हणणाऱ्यांनी हे नाव स्वतःला लावून घेतले आणि राज्यांच्या बाजूच्या मंडळींना ‘अँटि-फेडरलिस्ट’ ठरवले. तिथे ‘संघराज्यवादी’ लिहून पुढे गेलात तर वाचक उलट्या दिशेला जाईल. ‘संविधान-समर्थक’ असा खुलासा जोडावा.

प्रतिसाद ४

‘संयुक्त संस्थाने’ हा जुना मराठी शब्द आपण वर वापरला, याचा आनंद झाला. कोल्हापूर, औंध, सांगली यांच्या आठवणीमुळे तो आज गमतीचा वाटतो, परंतु त्याचे अनेकवचन मोलाचे आहे. संविधानाच्या राजद्रोहाच्या कलमात संयुक्त संस्थानांविरुद्ध, म्हणजे ‘त्यांच्याविरुद्ध’, युद्ध पुकारणे असे आहे, आणि गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५च्या तेराव्या दुरुस्तीतही ‘त्यांच्या’ अधिकारक्षेत्रात असे अनेकवचनच आहे. हे नाव एकवचनी चालवण्याची रीत पुढे हळूहळू रुळली. आपल्या लेखात १८६० पूर्वीची अवतरणे असतील, तर तिथे ‘अमेरिका म्हणते’ असे न लिहिता ‘संयुक्त संस्थाने म्हणतात’ असे लिहावे. टेक्सासच्या १८६९ मधील खटल्यात न्यायालयाने राज्ये आणि संघ या दोहोंनाही अविनाशी म्हटले. मी एकदा त्याचे ‘अभंग राज्यांचा अभंग संघ’ असे भाषांतर केले होते. वाचणाऱ्यांना वारीच आठवली.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा ऋणी आहे. ‘हक्क’ घोषणेसाठी व अवतरणात, ‘अधिकार’ वाटपासाठी, आणि ‘संघ सरकार’ सर्वत्र, असे ठरवून संपादकांना कळवले. एक वाक्य मात्र अडले आहे. लेखाच्या शेवटी १९५७ मधील, आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकचा प्रसंग येतो. नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या सेंट्रल हायस्कुलात जाऊ लागले, तेव्हा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी आर्कान्सा नॅशनल गार्ड या राज्याच्या सैन्यदलाचे जवान उभे करून ४ सप्टेंबरला त्यांना दारातून परत पाठवले. २४ सप्टेंबरला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक धाडले आणि तेच गार्ड ‘फेडरलाइझ’ केले. ‘ताब्यात घेतले’ लिहिले तर अटक झाल्यासारखे वाटते. ‘राष्ट्रीयीकरण’ म्हटले तर बँका आठवतात.

प्रतिसाद १

‘संघाच्या हुकमतीखाली आणले’ असे लिहावे. गणवेश तोच, बंदूक तीच, माणसेही त्याच राज्यातली. बदलली ती हुकमत. ‘अधिकाराखाली’ हा शब्द इथे फिका पडतो, कारण ते जवान आधीही कोणाच्या तरी अधिकाराखालीच होते.