'ग्रासणे' : अंधाराने प्रकाशाला ग्रासलं नाही म्हणजे नक्की काय?

नाताळला ठाण्यात मित्राबरोबर मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेलेलो, तिथे बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचला, त्यात प्रकाश अंधारात 'प्रकाशतो' पण अंधाराने त्याला 'ग्रासले नाही' असं आलं. मला 'चिंतेने ग्रासलंय', 'आजाराने ग्रासलेला' एवढंच माहिती. घरी येऊन इंग्रजी बघितलं तर १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'समजलं नाही' अशा अर्थाचं क्रियापद, नव्या भाषांतरांत 'मात केली नाही'. बरोबर कुठलं? आणि मित्र म्हणतो ही ओळ कृपेबद्दल आहे, पण त्यात कृपा शब्दच नाही!

—

दोन्ही चालतात. मूळ ग्रीक क्रियापद कातालाम्बानो, म्हणजे पकडणे, कब्जात घेणे, आणि डोक्याने पकडलं की समजणे, आपण 'मुद्दा पकडला' म्हणतो तसंच. योहान १२:३५ मध्ये अंधाराने तुम्हाला गाठू नये म्हणतात तिथेही हेच क्रियापद आहे, म्हणून मला इथे पकडण्याचाच अर्थ पटतो. आणि ग्रासणे तर भारीच निवडलंय, ग्रास म्हणजे घास, खग्रास-खंडग्रास त्यातलेच. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी इथून खंडग्रास सूर्यग्रहण होतं, आमच्या सोसायटीत अर्धी जनता जुने एक्सरे घेऊन गच्चीवर (डोळ्यांची वाट लागते, करू नका) नि अर्धी खिडक्या लावून घरात. काळ पण बघा, 'प्रकाशतो' वर्तमान आणि 'ग्रासले नाही' भूत, ग्रीकमध्येही तसंच, म्हणजे गिळायचा प्रयत्न होऊन फसला नि उजेड अजून चालूच.

—

कृपेचं मी सांगते, आम्ही ख्रिस्ती. स्टेशनवरचं 'कृपया लक्ष द्या' किंवा साहेबांची कृपा, त्यातली ही नाही. लायकी नसताना, कमावलेलं नसताना मिळतं ते. रोमकरांस पत्र ५:८ बघा, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, सुधारल्यावर नाही. योहानातही आधी अंधार हटला मग उजेड आला असं कुठेय, उजेड अंधारातच प्रकाशतो. शब्द हवाच असेल तर त्याच अध्यायात १६-१७ वचनं वाचा. आणि ईस्टरच्या आदल्या रात्री या, चर्चचे दिवे बंद असतात, बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती लावतात, ती काळोखात आत नेताना तीनदा 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं गातात, मग एकाची दुसऱ्याला करत सगळ्यांच्या पेटतात, कागद गुंडाळला तरी गरम मेण बोटावर येतंच. शेजारचा ज्योत पुढे करताना तुम्ही कन्फेशन (पापांची कबुली) केलंय का विचारत नाही.

—

म्हणजे अंधार राहतोच की, फक्त गिळू शकत नाही. 'मात केली नाही' म्हटलं तर सामना संपल्यासारखा वाटतो.

—

हो ना, म्हणून मला 'ग्रासले नाही'च आवडतं. बाहेर दुःखं, आजार सगळं आहेच की.

—

जाता जाता, 'तारण'वर पण कोणीतरी लिहा. बायबलात कृपेने तारण, म्हणजे उद्धार होतो आणि पतपेढीच्या पाटीवर सोनेतारण, लहानपणी माझा जाम गोंधळ व्हायचा.