पूजेने येणारा देव आणि मंत्राने ओढलेला देव: खेळात फरक कसा ठेवावा?

प्रश्न

गेली दोन वर्षे मी चार खेळाडूंसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४ च्या नियमांवर, पण स्वतः रचलेल्या जगात, एक दीर्घ मोहीम चालवीत आहे. मागच्या सत्रात नदीवरच्या पुलावर सगळी पात्रे घेरली गेली असताना आमच्या दहाव्या लेव्हलच्या क्लेरिकने, म्हणजे देवाच्या पुजारी पात्राने, दैवी हस्तक्षेपासाठी हाक मारली. टक्केवारीच्या फाशांवर १० किंवा त्याहून कमी यायला हवे होते आणि ०७ आले. आनंदाच्या भरात मी जलदेवतेला प्रत्यक्ष पाण्यातून वर आणले आणि तिने एकाच लाटेत शत्रूची फौज बुडवली. क्लेरिकचा खेळाडू हरखून गेला, पण बाकीचे तिघे गप्प झाले, कारण त्यांच्या हाती करण्यासारखे काहीच उरले नव्हते.

सत्र संपताना विझार्डच्या, म्हणजे ग्रंथांतून मंत्र शिकणाऱ्या मांत्रिकाच्या, खेळाडूने विचारले, ‘सतराव्या लेव्हलला गेट हा मंत्र मिळाला की मीही देवाला असाच बोलावू शकेन ना?’ मला उत्तर देता आले नाही. वर्षानुवर्षे केलेली पूजा आणि ग्रंथ वाचून शिकलेला मंत्र हे दोन्ही मार्ग देवापर्यंत पोहोचत असतील, तर त्यांच्यात फरक काय ठेवावा, आणि देव आल्यावरही खेळ खेळाडूंच्या हाती कसा राहील?

प्रतिसाद १

देवाने स्वतः यावे असे दैवी हस्तक्षेपाचा नियम कुठेही म्हणत नाही. हस्तक्षेपाचे स्वरूप डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) ठरवायचे असते आणि क्लेरिकच्या एखाद्या मंत्राइतका परिणाम उचित ठरेल, एवढेच तिथे सांगितले आहे. शिवाय एकदा यश मिळाले की पुढचे सात दिवस तशी हाक पुन्हा मारता येत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांत फासे काढून टाकून त्याऐवजी पाचव्या लेव्हलपर्यंतचा (मंत्राची लेव्हल पात्राच्या लेव्हलहून वेगळी मोजतात) एक क्लेरिक-मंत्र विनाखर्च दिला आहे. ते सोयीचे आहे खरे, पण आपली हाक ऐकली जाईल की नाही ही धाकधूक त्यात उरत नाही, आणि माझ्या मते पूजेचा सगळा जीव त्या धाकधुकीत आहे.

गेटविषयी तुमच्या विझार्डला मंत्राचा मजकूरच वाचून दाखवा. नवव्या लेव्हलचा हा मंत्र ५,००० सुवर्णमुद्रा किमतीचा हिरा मागतो. परलोकातील ज्या जिवाला आणायचे त्याचे खरे नाव उच्चारावे लागते, पदवी किंवा टोपणनाव चालत नाही. तो जीव दारातून ओढला गेला तरी त्याच्यावर मांत्रिकाची सत्ता मुळीच नसते, आणि आपल्या समोर किंवा आपल्या राज्यात असे दार उघडू न देण्याची मुभा देवांना त्याच मंत्राने दिलेली आहे. म्हणजे देवाच्या मनात नसेल तर दार बंदच राहील.

लिहिताना आपण ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ या शब्दांची नेहमी गल्लत करतो. तुमचा फरक मला नेमका त्या दोन शब्दांमध्ये दिसतो: पुजारी आवाहन करतो आणि मांत्रिक आव्हान देतो. पहिल्याला देव ओळखतो, दुसऱ्याला फक्त देवाचे नाव ठाऊक असते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण देवाच्या मदतीची किंमत मोजल्याशिवाय हे सारे अपुरे राहते. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ पासून घडवलेले ग्लोरांथा हे जग आणि त्यावर १९७८ मध्ये आलेला रूनक्वेस्ट हा खेळ या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. तिथे देवांच्या युद्धात विश्व नष्ट व्हायची वेळ आली, तेव्हा उरलेल्या देवांनी एक महाकरार केला आणि त्यातून काळ सुरू झाला. त्या करारामुळे देव काळाच्या आत स्वेच्छेने वावरू शकत नाहीत, त्यांना भक्ताच्या हातूनच कृती करावी लागते. त्यामुळे ‘देव स्वतःच सगळे का सोडवत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर जगाच्या जन्मकथेतच मिळते आणि डीएमला सबबी शोधाव्या लागत नाहीत.

हाक मारण्याचा तिथला हिशेब असा: पात्राचे आत्मबळ साधारण ३ ते १८ असते. शंभराच्या फाशावर त्याइतका किंवा त्याहून कमी आकडा आला तर देव धावून येतो, पण जितका आकडा पडला तितके आत्मबळ जाते. आमच्या टेबलावर १३ आत्मबळ असलेल्या एका पुजाऱ्याने जळत्या गावासाठी हाक मारली आणि बरोबर १३ पडले. खेळाडूने काही न बोलता पत्रकावरचा आकडा खोडला आणि तिथे शून्य लिहिले. पाऊस आला, पण पुजारी गेला. बाकीच्यांना मात्र काम उरले होते, कारण पावसाने आग विझली तरी ढिगाऱ्याखालची माणसे त्यांनाच काढायची होती. तुमच्या लाटेने नेमकी ही जागा ठेवली नाही, असे मला वाटते.

प्रतिसाद ३

संगणकावरच्या नेटहॅकमध्ये (१९८७) प्रार्थना केव्हा करावी यालाच महत्त्व आहे. जीवनांक एकूण क्षमतेच्या सातव्या भागाखाली किंवा ६ च्या खाली गेले की देव ते मोठे संकट मानतो. मागची प्रार्थना होऊन पुरेसा काळ लोटला नसेल किंवा संकटच नसेल, तर तोच देव कोपतो.

प्रतिसाद ४

भक्तांची संख्या म्हणजेच देवाचे बळ, असा सरळ हिशेब करण्याचा मोह बहुतेकांना होतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच फरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगात, तिथल्या कालगणनेच्या १३५८ या वर्षी, परमदेव एओ सगळ्या देवांना भूतलावर ढकलतो आणि पुढे त्यांचे बळ उपासकांवर अवलंबून ठेवतो. ब्लॅक अँड व्हाइट (२००१) या खेळात चमत्कारांसाठी गावकरी पूजास्थळी राबत असतात, पण त्यांना वेळेवर अन्न पोहोचवले नाही तर ते मरतात. मला हा दुसरा नमुना अधिक खरा वाटतो, कारण तिथे देवाला भक्तांचे पोट सांभाळावे लागते.

त्यावरून एक विचारतो: तुमच्या जलदेवतेने बुडवलेल्या फौजेत तिचा एकही भक्त नव्हता का?

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. विझार्डला गेटचा मजकूर वाचून दाखवला. आता तो मंत्राची वाट पाहण्याऐवजी देवतेचे खरे नाव कोणाला ठाऊक असेल याचा शोध घेणार आहे, आणि त्यासाठी त्याला क्लेरिकचीच मदत लागेल.

यापुढे देवता सदेह येणार नाही. ती क्लेरिकच्या अंगात येईल, एखादीच गोष्ट करील आणि जाताना क्लेरिकची एक आठवण कायमची घेऊन जाईल. कोणती, ते खेळाडूने निवडायचे. ०७ च्या त्या हाकेची बाकी मात्र पुढच्या सत्रात वसूल होईल. फौजेत नदीकाठच्या गावांतून सक्तीने भरती केलेले कोळी होते असे मी ठरवले आहे. क्लेरिक पहाटे पाण्यावर दिवा सोडायला जाईल, तेव्हा काठावर त्यांच्या बायका आधीच बसलेल्या असतील, त्याच देवतेपुढे, तसेच दिवे घेऊन.