नांदूर मध्यमेश्वरचे लाल चतुर: ओळख कशी पक्की करावी?

कडवाकाठ:
गेल्या रविवारी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने पक्षी पाहत फिरताना पाणकणसांवर बसलेल्या चतुरांनी (ड्रॅगनफ्लाय) माझी सगळी सकाळ घेतली. ३०० मिमी लेन्सने तीन लाल चतुर टिपले आणि त्याच गवतात बसलेला एक पिवळसर तपकिरी चतुरही टिपला. घरी ताडून पाहताना स्कार्लेट स्किमर, क्रिमसन मार्श ग्लायडर आणि डिच ज्वेल ही तीन नावे समोर आली, परंतु मला तिघांचाही लाल रंग सारखाच दिसतो. शिवाय पिवळा चतुर ही वेगळी जात आहे की यांच्यापैकीच एकाची मादी, हेही कळत नाही. ओळख पटवण्यासाठी नेमके काय पाहावे?

पाणगवत:
रंगावरून सुरुवात करू नये, कारण ऊन, कॅमेरा आणि चतुराचे वय या तिन्हींनी तो बदलतो. पहिल्या छायाचित्रात उदराच्या पाठीवर मधोमध गेलेली बारीक काळी रेषा स्पष्ट आहे, पंखांच्या मुळाशी पिवळसर छटा आहे आणि अंगाचा लाल रंग निर्भेळ आहे, म्हणून हा स्कार्लेट स्किमरचा, म्हणजे क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा नर आहे. दुसऱ्याच्या लालीत जांभळट गुलाबी झाक आहे. छायाचित्र मोठे करून पाहिल्यास त्याच्या पंखांच्या शिराही लाल दिसतात, त्यामुळे तो क्रिमसन मार्श ग्लायडर ठरतो. तिसऱ्याबाबत मी निर्णय देणार नाही. डिच ज्वेल आकाराने लहान असतो आणि नराच्या पंखांवरचा नारिंगी पट्टा मुळापासून पंखाच्या टोकाजवळील ठिपक्याच्या जवळपास पोहोचतो, पण तुमच्या छायाचित्रात पंख पुढे झुकलेले आणि अस्पष्ट आहेत. पिवळ्या चतुराच्या पाठीवरही तीच काळी रेषा असल्याने ती स्कार्लेट स्किमरची मादी वाटते.

ओलीवाट:
शेवटच्या विधानाबाबत थोडे थांबावे, असे मला वाटते. पाण्यातल्या अवस्थेतून नुकताच बाहेर आलेला नरही मादीसारखाच पिवळसर असतो आणि त्याला लाल रंग चढायला काही दिवस लागतात. अशा वेळी बाजूने काढलेले छायाचित्र हवे. नराच्या उदराच्या दुसऱ्या खंडाखाली, म्हणजे वक्षाच्या (पंख आणि पाय जोडलेल्या मधल्या भागाच्या) लगेच मागे, जननेंद्रियाचा उंचवटा असतो, तो मादीला नसतो. उदराचे खंड दहा असतात आणि ते वक्षाकडून शेपटाकडे मोजतात. ही सवय लागली की निम्मे वाद मिटतात.

छायाचित्रे घेताना एकाच चतुराची किमान तीन तरी घ्यावीत: पंखांसाठी वरून, वक्षावरील पट्ट्यांसाठी बाजूने आणि शेपटाच्या टोकावरील उपांगांसाठी जवळून. बाजूने टिपताना कॅमेरा चतुराच्या शरीराला समांतर ठेवला, तर डोके आणि शेपूट एकाच वेळी स्पष्ट येतात. एफ/८ च्या आसपासचे छिद्र आणि १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद शटर मला पुरेसे पडते. यापैकी बऱ्याच जातींचे नर आपापल्या हद्दीत पुन्हा पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात, म्हणून उडालेल्याच्या मागे धावण्यापेक्षा खाली बसून वाट पाहावी. फक्त स्वतःची सावली त्याच्यावर पडू देऊ नये आणि काठचे गवत तुडवू नये, कारण माद्या आणि कोवळे चतुर बहुधा तिथेच असतात. टाचणी, म्हणजे चतुराचा नाजूक नातलग कीटक (डॅमसेलफ्लाय), दिसली तर तीही टिपावी, तिचे डोळे एकमेकांपासून दूर असतात. परंतु केवळ डोळ्यांवर विसंबू नये, कारण क्लबटेल कुळातल्या चतुरांचे डोळेही एकमेकांना चिकटलेले नसतात.

कडवाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. मूळ फाइल तपासल्यावर पिवळ्या चतुराचे बाजूने आलेले एक छायाचित्र सापडले. त्यात दुसऱ्या खंडाखाली उंचवटा दिसतो, म्हणजे तो कोवळा नर आहे आणि काळी रेषा पाहता स्कार्लेट स्किमरच आहे. तिसऱ्या चतुराचे नाव मी वहीत रिकामे ठेवले आहे. येत्या रविवारी सकाळी त्याच पाणकणसांपाशी जाऊन बसेन, तो परतला तर पंख वरून टिपून इथे टाकतो.

पाणगवत:
कोवळ्या नराबाबत ओलीवाट यांचे म्हणणे बरोबर ठरले, माझी नोंद मी दुरुस्त करतो.